ट्रंपेट आणि वाजवणाऱ्याचा ओठ



वसंतातील या व्याख्यानांत राजकारण, वाङ्मय, अध्यात्म असे मोठमोठे विषय येतात. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही जो विषय आणून बसवीत आहो, तो आकाराने बोटाएवढा आहे. ट्रंपेटच्या तोंडाशी पितळेची एक लहानशी वाटी बसवलेली असते. बँडवाले तिला माउथपीस म्हणतात. वाजवणाऱ्याला साजेल असा माउथपीस कसा निवडावा, एवढाच आमचा आजचा विषय. विषय लहान खरा. परंतु वाजवणाऱ्याचा ओठ, त्याचा श्वास आणि पुष्कळदा त्याची भाकरीही या वाटीवर अवलंबून असते. म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

लग्नसराईत आपण सर्वांनीच वराती पाहिल्या आहेत. नवरदेव घोड्यावर असतो, पुढे मंडळी नाचत असतात आणि सर्वांच्या पुढे बँड असतो. आपले लक्ष त्यांच्या झगझगीत पोशाखाकडे जाते. तीन-चार तास उंच सुरात वाजवून ट्रंपेटवाल्याच्या ओठावर जे लाल कडे उमटलेले असते, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते कडे कशामुळे उमटते आणि किती टाळता येते, हे समजून घ्यावयाचे तर आधी हे वाद्य वाजते कसे ते पाहिले पाहिजे.

पुष्कळांची अशी समजूत असते की, ट्रंपेटमध्ये जोराने फुंकले की ते वाजते. नुसते फुंकून पाहा. वाऱ्याच्या सुसाट्याखेरीज काही ऐकू येणार नाही. सनईला पत्ती असते, पेटीच्या पोटात पितळेच्या स्वरपट्ट्या असतात. ट्रंपेटला यांपैकी काहीच नाही. तेथे पत्तीचे काम वाजवणाऱ्याचे ओठच करतात. मिटलेल्या ओठांतून हवा दाबून सोडली म्हणजे ते थरथरू लागतात, आणि ती थरथर सुमारे दीड मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीला जागे करते. ज्या सुराला पाश्चात्त्य वाद्यवृंदातील लोक आपली वाद्ये मिळवतात, त्या सुराला हे ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडमीट करतात. वरच्या सप्तकात तोच सूर लावावयाचा तर ८८० वेळा. सनईवाला पत्ती बिघडली की दुसरी लावतो. ट्रंपेटवाल्याला दुसरा ओठ कोठून मिळणार?

माउथपीस ही या जिवंत पत्तीची चौकट आहे. तिचे चार भाग ध्यानात घ्यावे. ओठाला टेकते ती कडा. कडेच्या आत वाटी. वाटीच्या तळाशी बारीक छिद्र, तो घसा. आणि घशापासून पुढे रुंद होत जाणारी नळी, जिचा दांडा ट्रंपेटमध्ये बसतो. वाटीचा व्यास साधारणपणे पंधरा ते साडेसतरा मिलिमीटरांच्या दरम्यान असतो आणि घशाचा साडेतीन ते चार मिलिमीटर. आता कोणी म्हणेल, एवढ्याशा मापात कमीजास्त ते काय होणार? त्याला आमचे उत्तर असे की, दातात अडकलेला तीळ किती मोठा वाटतो ते आठवावे. ओठ आणि जीभ ही शरीरातील फार जाणती ठिकाणे आहेत. तेथे अर्धा मिलिमीटर म्हणजे गावकुसाएवढा फरक!

प्रत्येक भागाचा गुण वेगळा आणि त्या गुणाची किंमतही वेगळी. कडा रुंद असली तर दाब पसरतो, ओठ उशिरा थकतो. पण एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाण्याची चपळाई कमी होते. कडा अरुंद असली तर चपळाई येते, पण ती ओठात रुतते. वाटी खोल असली तर आवाज भरदार आणि गोल येतो. उथळ असली तर तो लखलखीत होतो आणि उंच सुरांना मदत मिळते. मात्र वाटी फारच उथळ झाली तर जाड ओठ तिच्या तळाला टेकतात आणि सूर मध्येच गुदमरतो. घसा मोठा असला तर आवाज मोकळा निघतो, पण छातीतला श्वास भराभर संपतो. म्हणजे येथे नुसता लाभ असा कोठेच नाही. एक हाताने मिळते ते दुसऱ्या हाताने द्यावे लागते. वाद्यवृंदात वाजवणारे लोक बहुधा मोठी, खोल वाटी पसंत करतात आणि नाचाच्या बँडमध्ये उंच सुरांची मुख्य बाजू सांभाळणारे उथळ वाटीकडे वळतात, ते यामुळेच.

एक गमतीचा प्रयोग सांगतो. माउथपीस हातात धरून त्याच्या कडेवर तळहात झटकन मारावा. ‘पॉप’ असा आवाज येतो आणि त्याला निश्चित उंची असते. घसा व नळी तीच ठेवून वाटी मोठी केली की हा आवाज खालच्या सुरात जातो. म्हणजे या वाटीला तिचा स्वतःचा एक सूर आहे, आणि ट्रंपेटच्या कोणत्या सुरांना उठाव मिळावा हे ठरविण्यात त्याचा वाटा असतो.

या वाटीला शास्त्रशुद्ध मापे देण्याचे काम ज्यांनी केले त्यांत व्हिन्सेंट बाख हे नाव मोठे आहे. हे गृहस्थ १८९० साली व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी जन्मले. शिक्षण यंत्रविद्येचे आणि ओढ ट्रंपेटची. १९१४ साली ते अमेरिकेत गेले आणि तेथल्या नामांकित वाद्यवृंदांत वाजवू लागले. पुढे दौऱ्यावर असताना त्यांचा आवडता माउथपीस दुरुस्तीच्या नादात एका कारागिराच्या हातून बिघडला. मनासारखा दुसरा मिळेना, तेव्हा त्यांनी १९१८ साली तीनशे डॉलरांचे पायाने चालवावयाचे एक लेथयंत्र घेतले आणि न्यूयॉर्कमध्ये एका वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या बाजूस माउथपीस घडविण्यास आरंभ केला. स्वतःच्या ओठाची अडचण सोडवता सोडवता त्यांनी हजारोंची सोय केली. १९७६ साली ते वारले. त्यांच्या मापांचे माउथपीस आजही जगभर वापरले जातात.

परंतु मापांच्या या आकड्यांतही एक फसगत आहे. बाख यांच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितकी वाटी रुंद. आणि अक्षरांत ‘ए’ म्हणजे खोल, तर ‘एफ’ म्हणजे उथळ. शिकाऊ मुलाच्या हाती बहुधा येतो तो ‘७सी’. त्याचा व्यास १६.२ मिलिमीटर. ‘१सी’चा १७ मिलिमीटर. याउलट शिकागोचे ट्रंपेटवादक व वाद्यनिर्माते रेनॉल्ड शिल्के यांच्या पद्धतीत आकडा मोठा तशी वाटी मोठी, आणि अक्षर पुढचे तशी वाटी खोल. म्हणजे एकाचा सात तो दुसऱ्याचा सात नव्हे. आकडा पाठ करून दुकानात जाणारा मनुष्य रिकाम्या हाताने परतला तर भाग्यवान समजावा. पुष्कळदा तो भलतेच घेऊन येतो.

याहून मोठी फसगत मनाची आहे. अमुक थोर वादक अमुक माउथपीस वापरतो, म्हणून आपणही तोच घ्यावा असे वाटते. पी हळद नि हो गोरी, असा हा प्रकार! त्या वादकाचे दात, त्याच्या ओठांची जाडी, त्याचा तीस वर्षांचा रियाझ हे काही त्या वाटीबरोबर विकत मिळत नाही. माउथपीस ओठांवर कसा ठेवावा याबद्दलदेखील थोरांचे एकमत नाही. पॅरिसचे जाँ-बाप्तिस्त आर्बां यांचा १८६४ साली निघालेला शिक्षणग्रंथ विद्यार्थी आजही गिरवतात. ते एक तृतीयांश वरच्या ओठावर आणि दोन तृतीयांश खालच्या ओठावर ठेवण्यास सांगतात; इतर शिक्षक नेमके याच्या उलट सांगतात. दोघांचेही शिष्य उत्तम वाजवतात. यावरून एवढेच निष्पन्न होते की, प्रत्येकाच्या तोंडाची घडण निराळी आहे.

लुई आर्मस्ट्राँग यांचे उदाहरण घ्या. १९०१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या या माणसाने ट्रंपेटचा इतिहास बदलून टाकला. पण उंच सुरांचा आणि कडेच्या दाबाचा मोबदला त्यांच्या ओठांनी दिला. ओठावर कायमचे वण पडले आणि १९३० नंतरच्या दशकात काही काळ त्यांना वादन थांबवावे लागले. ओठांभोवतीचा गोल स्नायू फाटण्याच्या ट्रंपेटवाल्यांच्या दुखण्याला १९८२ साली एका वैद्यकीय लेखात त्यांच्याच लाडक्या नावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असे नाव देण्यात आले. केवढा हा मान, आणि केवढी त्याची किंमत!

आमच्याकडे या वाद्याची खरी परंपरा गोव्याची. तेथील चर्चच्या शाळांतून मुले स्वरलिपी शिकत, वाद्ये शिकत, आणि मोठी झाली म्हणजे मुंबईच्या हॉटेलांतून व चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून पोट भरीत. त्यांतले आंतोनियो शाव्हियर वाझ हे चिक चॉकलेट या नावाने गाजले. त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे सुपुत्र सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्या सहवासाचा ठसा ऐकू येतो. शैली आर्मस्ट्राँगची असेल, पण वाजवावयाचे ते स्वतःच्याच ओठांनी. शैली उसनी घेता येते, ओठ उसना घेता येत नाही.

तर मग माउथपीस निवडावा कसा? पहिली गोष्ट अशी की, नवशिक्याने मध्यम मापाचा घ्यावा आणि निदान वर्षभर तोच ठेवावा. ओठांचे स्नायू अजून घडलेले नाहीत, तोवर कशाची परीक्षा करणार? पुढे बदलण्याची गरज खरोखर वाटली, तर स्वतःचे ट्रंपेट बरोबर न्यावे आणि ताज्या ओठाने परीक्षा करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कडा आवडत असेल तर तीच ठेवून वाटी बदलून पाहावी. उंच सूर काढून भुलू नये. नवा माउथपीस पहिल्या दहा मिनिटांत नेहमीच गोड लागतो. नवी नवलाई ती! हळू आवाजात खालचा सूर कसा लागतो, लांबवलेला सूर डळमळतो का, हे पाहावे. दुसऱ्या कोणाला दूर उभे करून ऐकावयास सांगावे, कारण ट्रंपेटचा आवाज पुढे जातो. वाजवणाऱ्याच्या कानी येतो तो तसाच्या तसा नसतो. आणि शेवटी पंधरा दिवस नेहमीचे काम त्याच्यावर करावे. खरी परीक्षा संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात होते. तेव्हा सूर स्वच्छ निघत असेल, ओठ बधिर झाला नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा कामाला तयार असेल, तर तो माउथपीस आपला.

याच्या उलट दर महिन्याला माउथपीस बदलणारे वीरही असतात. त्यांच्याविषयी आमच्या म्हणीने आधीच सांगून ठेवले आहे: नाचता येईना, अंगण वाकडे. श्वास अपुरा असेल, रियाझ नसेल, ट्रंपेट ओठावर जोराने दाबण्याची खोड असेल, तर जगातली कोणतीही वाटी कामास येणार नाही. जोडा नीट बसला म्हणजे चालणे सुखाचे होते. पण चालावयाचे पायांनीच.

आता अखेरची गोष्ट, आणि तीसाठीच आम्ही हा विषय निवडला. पथकात किंवा शाळेच्या बँडमध्ये एकच माउथपीस पाच मुलांच्या तोंडातून फिरवू नये. ते आरोग्याला वाईट, आणि पाच निराळ्या ओठांना एकाच साच्यात कोंबणे म्हणून कलेलाही वाईट. वाद्य सामाईक असावे, माउथपीस ज्याचा त्याचा असावा. चांदीचा मुलामा उडून पितळ उघडे पडले असेल तर ओठ चुरचुरतो, तो बदलावा. घशात साचलेली घाण लहान कुंचल्याने आणि कोमट पाण्याने नियमाने काढावी. दांडा अडकला तर पकडीने पिरगाळू नये. त्यासाठी वेगळे हत्यार मिळते. बँडच्या चालकांनी ट्रंपेटबरोबर आलेली एकच वाटी सर्वांच्या गळ्यात मारण्यापेक्षा दोन-चार मापांच्या वाट्या संग्रही ठेवाव्या. त्याचा खर्च वाद्याच्या मानाने थोडा आहे.

आणि पालकहो, शिक्षकहो, एखादा जाड ओठांचा किंवा वेड्यावाकड्या दातांचा मुलगा चिमुकल्या वाटीशी झगडून रडकुंडीस येतो, तेव्हा ‘तुझ्यात कला नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी त्याच्या ओठावरचे लाल कडे एकदा पाहा. कला आहे की नाही ते पुढे ठरेल; आधी त्याच्या मापाची वाटी त्याला द्या. माणसाला साधनाच्या मापाने कापण्यापेक्षा साधन माणसाच्या मापाने घडवावे, एवढेच या पितळेच्या तुकड्याने आम्हांला शिकविले.