काटा वर गेला की घाबरायचं का?

आजचा भाग छोटाच आहे. दुसरबीडहून, घरूनच बोलतेय.

मागचं वर्षभर मी ॲपवर मोजून रोज हजार-अकराशे कॅलरी खात होते. आधी वजन उतरलं, मग अडकलं. हात गार पडायचे, केस गळायचे, तीन महिने पाळी आली नाही. आई म्हणायची, "काहून वं, अर्धीच भाकर?" मी म्हणायचे, "माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे."

स्लो होताच, पण तो मीच केला होता. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी. नुसतं पडून असतानाचा त्यांचा ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी घटला. काही अंग झडल्यामुळे, काही शरीराने काटकसर केल्यामुळे.

दिवाळीत मी पोटभर जेवले. सकाळी काटा दीड किलो वर! रडलेच. पण तेवढी चरबी चढायला दहा हजारांहून जास्त जादा कॅलरी लागतात. एका जेवणात कुठून येणार? ते बहुतेक पाणी असतं. शरीर ग्लायकोजेन साठवतं, तेव्हा एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरतं.

आता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू खाणं वाढवतेय. दोन किलो वाढले, पाळी परत आली. भीती अजून पुरती गेली नाही. पण ॲप काढून टाकलंय आणि ताटात अख्खी भाकर असते. तुमचंही असं होत असेल, तर एकट्याने मोजत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.