रविवारची विश्रांति घरांत कोणाला ?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें मला ‘कुटुंबाची सुट्टी’ हा विषय नेमून दिला, तेव्हां विषय फार हलका आहे असें कांहीं मित्रांनीं बोलून दाखविलें. परंतु सात दिवसांपैकीं ज्या दोन दिवशीं आपल्या घरांतील सर्व माणसें उजेडांत एकमेकांच्या दृष्टीस पडतात, त्या दोन दिवसांचें आपण काय करतों, हा प्रश्न मला तरी लहान वाटत नाहीं.

वसईकराचा आठवडा आगगाडीनें आंखलेला आहे. विरार ते चर्चगेट हें अंतर ६० किलोमीटर. घरापासून स्थानकापर्यंतचा रस्ता आणि फलाटावरचें ताटकळणें धरिलें तर जाण्यायेण्यांत रोजचे चार तास सहज खर्चीं पडतात. पांच दिवसांचे वीस तास झाले. बाप घरीं येतो तेव्हां मूल झोंपलेलें असतें, आणि आतां पुष्कळ घरांतून आईहि त्याच गर्दींतून जाते-येते. मग शिंपी, चष्म्याची दुरुस्ती, आजीचें औषध, शाळेचें सामान, मासळी, हीं सगळीं कामें शनिवारची वाट पाहत बसतात. त्यांतहि २०१५ पासून बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारीं बंद असतात. म्हणजे बँकेचें काम उरलेल्या शनिवारीं गांठावयाचें, आणि नेमका त्याच दिवशीं कोणाचा तरी साखरपुडा निघावयाचा !

रविवार याहून भरगच्च. सकाळची मिस्सा, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, तेथून मटणाच्या दुकानापुढची रांग, दुपारीं पाहुणे, चार वाजतां अर्नाळ्याचा किनारा नाहीं तर सुरुचीची बाग किंवा किल्ला, आणि परततांना वाटेंत आजारी मावशीची विचारपूस.

या धांवपळीस नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाहीं. बाप मुलाला मागें बसवून दुचाकी दुरुस्तीस नेतो, दोघे तासभर बांकावर बसतात, मुलगा हें चाक असें कां करतें म्हणून विचारतो आणि बाप सांगतो. यांत जें बोलणें होतें तें मुद्दाम समोर बसवून उपदेश केल्यानें होत नाहीं. आईबरोबर बाजारांत गेलेली मुलगी ताजा बोंबील ओळखावयास शिकते, आणि कोळिणीशीं घासाघीस कोठें थांबवावी हेंहि शिकते. तेव्हां कामें सोडून द्या असें मी म्हणत नाहीं. माझा प्रश्न वेगळा आहे. रविवारीं रात्रीं दिवा मालविण्याच्या वेळीं आपल्या घरांतील कोणतें माणूस शुक्रवारपेक्षां अधिक थकलेलें असतें ?

ही सुट्टी आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिच्यासाठीं कोणी झगडलें असेल हें ध्यानांतहि येत नाहीं. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन यानें ३२१ सालीं रविवारीं न्यायकचेऱ्या व शहरांतील कारखाने बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यास मात्र कामाची मोकळीक ठेविली. त्यानंतर पंधराशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी आपल्या मुंबईंतील गिरणी-कामगाराला आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून ती मागणी लावून धरिली. रविवार हा खंडोबाचाहि वार, त्यामुळें ती मागणी कोणा एका धर्माची राहिली नाहीं. १८९० च्या एप्रिलांत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें १०,००० कामगारांची सभा भरली, आणि त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीं, १८९१ च्या मे महिन्यांत, पोप लिओ तेरावे यांनीं ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकांत कामकऱ्यांस रविवारची विश्रांति मिळालीच पाहिजे असें जगाला सांगितलें. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांस तर २०२० च्या २९ फेब्रुवारीपासून शनिवारहि मोकळा झाला.

महालक्ष्मीच्या त्या सभेंतील एक गोष्ट मला विशेष वाटते. तेथें दोन कामगार स्त्रियांनीं उभें राहून भाषणें केलीं. हजारों पुरुषांसमोर त्या काळीं बोलणें सोपें नव्हतें. सुट्टी मिळविण्यांत त्यांचा वांटा होता. पण सुट्टी मिळाल्यावर पहिल्या रविवारीं त्यांच्या घरची चूल कोणी पेटविली असेल, तें निराळें सांगावयास नको.

विश्रांतीची आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायांत आहे. तींत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेंढोरें आणि वेशीच्या आंतील परका, इतक्यांचा उल्लेख आहे. पत्नीचा नाहीं. ‘तूं’ या एका शब्दांत पति व पत्नी दोघेंहि आलीं, असा त्याचा अर्थ करितात आणि तोच बरोबर असावा. तथापि आपल्या घरांकडे पाहिलें म्हणजे तें गळलेलें नांव आपण अगदीं अक्षरशः पाळीत आलों आहों असें म्हणावेंसें वाटतें. मार्था व मरिया यांच्या गोष्टींत आपण मरियेची वाखाणणी करतों. त्या दिवशीं पाहुण्यांस अखेर कोणी वाढलें, हें लूकनें सांगितलेलें नाहीं. उठून मरियेनेंहि हात लाविला असेल असें मला वाटतें. हा अर्थात् माझा तर्क.

आपल्याकडे काय होतें ? मिस्सेहून परततांच गृहिणी पदर खोंचून स्वयंपाकघरांत शिरते. फुगे तळावयाचे असतात. आंबलेलें पीठ मुठींत धरून अंगठ्याजवळून एकेक गोळा तेलांत सोडावयाचा. ते गरम खाल्ले तरच त्यांची गोडी. म्हणून सारे टेबलाशीं आणि ती कढईशीं. “आतां तुम्हीहि बसा,” असें तिला चारदां सांगण्यांत येतें, आणि चारहि वेळां सांगणाऱ्याच्या हातांत रिकामी बशी असते. आपण ज्याला घरचें एकत्र भोजन म्हणतों, त्यांत एक माणूस नेहमीं कमी असतें.

आपल्या आज्या-पणज्या या बाबतींत अधिक धोरणी होत्या. डुकराच्या मांसाचें इंद्याल त्या शनिवारींच करून ठेवीत. सिरक्यांत मुरलेलें मांस दुसऱ्या दिवशीं अधिक रुचकर लागतें. रविवारीं तें नुसतें गरम करावयाचें. बाटली मसाला तर पावसापूर्वीं भर उन्हाळ्यांत एकदांच कुटून वर्षभरासाठीं बाटल्यांत ठांसून भरावयाचा. इस्रायली लोकांस रानांत सहाव्या दिवशीं दुप्पट मान्ना वेंचावयास सांगितला होता, त्याचाच हा वसईचा पाठ. त्या काळीं शीतकपाटें नव्हतीं, सिरकाच शीतकपाटाचें काम करी. आज घरोघरीं शीतकपाट आहे, आणि तरी सगळा स्वयंपाक रविवारीं दुपारीं बारा वाजतां सुरू होतो !

कोणी म्हणेल, फोनवरून जेवण मागवावें. प्रसंगीं तसें करण्यास हरकत नाहीं. परंतु भर उन्हांत डबा घेऊन दारीं येणाऱ्या तरुणालाहि घर आहे, आणि आज्ञेंतला ‘वेशीच्या आंतील परका’ तोच आहे. घरांतले दोन धडधाकट पुरुष मोकळे बसलेले असतां त्याला राबविण्याचें प्रयोजन मला दिसत नाहीं. त्यापेक्षां शुक्रवारीं रात्रीं जपमाळेनंतर दहा मिनिटें बसून दोन दिवसांचीं कामें नांवानिशीं वांटून घ्यावीं. शनिवारचा बाजार आणि मांसाची तयारी पुरुषांनीं करावी. सिरका आणि मसाला यांचें प्रमाण शिकावयास फार बुद्धि लागत नाहीं. रविवारीं पातेलीं टेबलावर मधोमध ठेवावीं, ज्यानें त्यानें वाढून घ्यावें, आणि गृहिणी बसल्याखेरीज कोणी घांस उचलूं नये. फुगे नसले तर पावावर भागतें.

ज्यांच्या नशिबीं रविवारच नाहीं अशीं घरेंहि आपल्यांत आहेत. रुग्णालयांतील परिचारिका, रेल्वेचे नोकर, पहांटेच्या गाडीनें दादरच्या बाजारांत फुलें नेणारे बागायतदार यांचा रविवार कधीं मंगळवारीं येतो. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें आदल्या सायंकाळच्या मिस्सेनें त्यांचें धार्मिक कर्तव्य पार पडूं शकतें. जेवणाच्या टेबलाची सोय मात्र घरच्यांनींच करावयाची आहे. मंगळवारीं सारें घर एका वेळीं जेवलें तर तोहि रविवारच होय, आणि शेजाऱ्यांनीं त्याची चेष्टा करूं नये.

माझी वेळ संपली आहे आणि मंडपामागून इंद्यालाचा वास येऊं लागला आहे. समितीच्या सूचनेप्रमाणें आज भगिनींची पंगत पहिली बसेल. वाढणाऱ्या आणि मागाहून पातेलीं घांसणाऱ्या पुरुषांचीं नांवें नळाजवळच्या फलकावर लाविलीं आहेत. आपलें नांव त्यांत नाहीं असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं यादी पुन्हां एकदां वाचावी.