चोरीचा माग आणि नुकसानीचा धनी

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडीचा नाका लागतो. वज्रेश्वरीकडे जाणारी वाट येथूनच फुटते. त्यामुळें यात्रेकरू, मालमोटारी आणि आसपासच्या पाड्यांतून बाजाराला आलेलीं माणसें यांची येथें वर्दळ असते. अशा नाक्यावरच्या चहाच्या टपरींत हल्लीं सुट्या पैशांसाठीं घासाघीस होत नाहीं. गिऱ्हाईक फळीवरच्या क्यूआर कोडापुढें मोबाइल धरतें, आणि शेजारची लहानशी पेटी जमा झालेली रक्कम मोठ्यानें पुकारते. ही 2016 सालीं सुरू झालेल्या यूपीआयची किमया. त्याबद्दल दुकानदारानें बँकेस द्यावयाची आकारणी सरकारनें जानेवारी 2020 पासून शून्यावर आणली. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत मात्र कोणीतरी देतच असतो. यंत्रें, तारा व अहोरात्र चालणारा पहारा यांचा खर्च एक वेळ हिशेबांत दिसतो. पहारा ढिला पडल्यास होणारें नुकसान कोणी सोसावें, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

त्याचें ढळढळीत उदाहरण पुण्यांत घडलें. कॉसमॉस ही 1906 सालीं स्थापन झालेली सहकारी बँक. शनिवार, 11 ऑगस्ट 2018 रोजीं तिच्या कार्डांच्या बनावट प्रती घेऊन निघालेल्या माणसांनीं 28 देशांतील एटीएम यंत्रांतून कांहीं तासांत सुमारें 78 कोटि रुपये उचलले. भारतांतूनही अडीच कोटि गेले. सोमवारीं, 13 तारखेस, आणखी 13 कोटि 92 लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यांत रवाना झाले. एकूण 94 कोटि 42 लाख! तिजोरी कोणी फोडली नव्हती. ‘या कार्डावर पैसे द्यावे काय?’ ही एटीएमची पृच्छा बँकेच्या मूळ हिशेबयंत्राकडे जावयाची. ती वाटेंतच अडवून चोरांच्या तोतया यंत्रानें ‘खुशाल द्यावे’ असें उत्तर धाडलें. त्यामुळें ग्राहकांच्या खात्यांतून कांहींच वजा झालें नाहीं, घाव बँकेवर बसला. अर्थात् सहकारी बँकेचा तोटा म्हणजे भागधारकांचा, आणि भागधारक पुष्कळदां खातेदारच असतात. एप्रिल 2023 मध्यें पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणीं 11 जणांस दोषी ठरविलें.

असें कां घडतें? केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनीं 2001 सालच्या एका निबंधांत याची आर्थिक बाजू मांडली. यंत्रें असुरक्षित राहतात तीं केवळ ज्ञान तोकडें म्हणून नव्हे. पहारा ठेवणारा एक आणि लुटला जाणारा दुसरा, हें त्याचें मोठें कारण. त्यांचा दाखला मासलेवाईक आहे. एटीएममधून पैसे गेल्याची तक्रार आली कीं अमेरिकेंत ग्राहकाची चूक बँकेनें सिद्ध करावयाची. ब्रिटनमध्यें बहुधा आपण निर्दोष आहों हें ग्राहकानेंच पटवावयाचें. तेव्हां ब्रिटिश बँका नफ्यांत राहिल्या असतील असें कोणासही वाटेल. घडलें तें उलटेंच. तक्रार फेटाळतां येते म्हटल्यावर तेथील नोकरवर्ग गाफील झाला, आणि फसवणूक वाढली.

महाराष्ट्राला हें तत्त्व परकें वाटूं नये. जुन्या गांवगाड्यांत चोरी झाली कीं रामोशी अगर जागल्या चोराच्या पावलांचा माग काढीत निघे. माग शेजारच्या गांवाच्या शिवेला नेऊन भिडविला कीं त्याचा भार उतरे आणि त्या गांवच्या पहारेकऱ्यावर चढे. शिवेच्या आंतच माग हरवला, तर नुकसान पहारेकऱ्यानें व गांवानें ऐपतीप्रमाणें भरून द्यावें. पेशवाई बुडाल्यावर 1819 सालीं लिहिलेल्या अहवालांत एल्फिन्स्टननें या पद्धतीचें वर्णन केलें आहे. तींत जाचही होता. गरीब जागल्याकडून भरपाई ती कितीशी वसूल व्हावयाची! पण पहारा आणि नुकसान यांची गांठ तींत पक्की होती. आजचा माग एका रात्रींत अठ्ठावीस देशांच्या शिवा ओलांडतो, आणि शिवेवर तो उचलून घ्यावयास बहुधा कोणीच उभा नसतो.

स्वदेशांत ही गांठ बांधण्याचा प्रयत्न रिझर्व्ह बँकेनें 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानें केला. सहकारी बँकांस तसाच आदेश त्याच वर्षीं डिसेंबरांत निघाला. तिऱ्हाइताच्या लबाडीनें पैसे गेले, आणि बँकेची सूचना मिळाल्यावर ग्राहकानें तीन कामकाजाच्या दिवसांत कळविलें, तर त्याच्यावर कांहीं बोजा नाहीं. चार ते सात दिवस लागल्यास ठराविक मर्यादेपर्यंत बोजा. चूक सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच. मात्र ग्राहकानें स्वतःच गुप्त अंक सांगितले असतील, तर तक्रार करीपर्यंतचें सारें नुकसान त्याचें. चोर नेमका या फटींत शिरला आहे, कारण यंत्र फोडण्यापेक्षां माणूस फोडणें स्वस्त पडतें.

शिवाय लुटलेला पैसा उतरवून घेण्यास चोराला परक्याच्या नांवचें खातें लागतें. कोणा गरजूच्या हातावर चार पैसे ठेवून तें भाड्यानें मिळवितां येतें. हें खातें उघडणारी बँक एक, नागवल्या गेलेल्या ग्राहकाची बँक दुसरी. पहिलीनें चौकशी कडक करावी तर खर्च तिचा आणि लाभ दुसरीचा. जागल्याच्या भाषेंत बोलावयाचें, तर माग तिच्या शिवेंत येऊन थांबला तरी भरपाईचा तगादा तिच्या दाराशीं सहसा येत नाहीं.

समजा, शनिवारीं सायंकाळीं अंबाडीच्या त्या टपरीवाल्यास ‘बँकेंतून बोलतों’ असा फोन आला, आणि गडबडींत त्यानें अंक सांगून टाकले. 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पुढच्या खात्यांत रक्कम गोठवितां येते; पण ती एका खात्यांतून दुसऱ्यांत आणि तेथून तिसऱ्यांत सरकत असल्यानें येथें दिवसांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. सवयीप्रमाणें तो शाखेकडे धांव घेतो. शाखा सोमवारीं उघडावयाची. तो क्रमांक छापलेला कागद भिंतीवर असलाच, तर कुलूप लावलेल्या दाराच्या आंतल्या बाजूस आहे.