ट्रॉली कलली तर सोडा

आम्ही वडूजच्या बचत गटातल्या बायका. आमचा टोमॅटो टेम्पोनं जातो, तोही चाकांच्या जाळीच्या ट्रॉलीत. डोक्यावरचं ओझं गेलं, पण वजन कुठं गेलंय? २० किलोचे १० क्रेट म्हणजे २०० किलो, सिमेंटची चार पोती!

म्हणून भरताना जड खाली, हलकं वर. थप्पी एवढीच, की पुढचं दिसावं. टेम्पोला हँडब्रेक आणि चाकाला दगड लागल्याशिवाय फाळका उघडायचा नाही. उघडतानाही बाजूला उभं राहायचं, कारण वाटेत हिसके बसून माल सरकलेला असतो.

सपाटीवर ट्रॉली ढकला. ओढली तर टाचेवर येते. पदर खोचून घ्या. टेम्पोच्या उंचीचा ओटा नसेल तर भरलेली ट्रॉली फळीवरून उतरवू नका. आधी एकेक क्रेट खाली घ्या, मग रिकामी ट्रॉली दोघींनी उतरवा. आणि ट्रॉली कललीच तर सावरायला जाऊ नका, सोडून बाजूला व्हा. टोमॅटो पुन्हा पिकतात, चेचलेला पाय पहिल्यासारखा होत नाही.

ड्रायव्हर घाई करतील. "दादा, पाच मिनिटं थांबा," म्हणायला लाजू नका. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं, १९६९ साली माथाडी कायदा झाला. ओझं वाहणाऱ्या अंगाला किंमत आहे, हे तेव्हा कागदावर आलं. माल आपला स्वतःचा असला, म्हणून आपल्या अंगाची किंमत कमी होत नाही.

पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीआधी ट्रॉलीची चाकं आणि ब्रेक बघा.