जुना संगणक, नेटवर्क कार्ड आणि तीन नंबर

देणगीत आलेला 'विंडोज ९८'चा संगणक शेजारच्या यंत्राशी जोडला जात नाही, म्हणून तो भंगारात काढण्याची घाई करू नका. डिव्हाइस मॅनेजर उघडा. कार्डाच्या नावापाशी पिवळे उद्गारचिन्ह दिसले, तरी कार्ड पुष्कळदा शाबूत असते. तंटा असतो आयआरक्यूचा. आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याची तार. एनई२००० जातीची जुनी कार्डे बहुधा ३ नंबर मागतात, आणि तो तर कॉम-२ पोर्टाचा! एकाच तारेवरून दोघे ओरडले, तर ओ कोणाला द्यायची? वीज बंद करून जम्पर हलवा. १० नंबर मोकळा असेल तर तो द्या. जम्पर नसल्यास कार्डाच्या फ्लॉपीतला सेटअप चालवा. मग विंडोजमध्येही तोच नंबर भरा; नेमके हेच राहून जाते. इंटरनेटला मात्र हे यंत्र जोडू नका. मायक्रोसॉफ्टने त्याची डागडुजी २००६ सालीच थांबवली.