परदेशी शिक्षणाचे श्रेयांक आणि पुराव्याचा भार
(विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



आपल्या घरातील मुलगा वा मुलगी परदेशी शिकावयास निघते, तेव्हा बहुधा घरावर कर्ज झालेले असते. अशा वेळी एका देशात पुरे केलेले वर्ष दुसऱ्या देशाने जमेस धरलेच नाही, तर फी, वय आणि कर्जाचे व्याज या तिन्ही बाजूंनी हानी होते. सबब श्रेयांक, म्हणजे ज्याला क्रेडिट म्हणतात, त्याचा हिशेब व त्यामागील कायदा आपणांस ठाऊक असला पाहिजे.

श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत. ते अभ्यासाच्या श्रमाचे माप होय. मापे मात्र देशोदेशी निराळी. युरोपात १९८९ साली सुरू झालेल्या पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक धरतात. इंग्लंडात त्याच वर्षाचे १२०, अमेरिकेत साधारणतः ३०, आणि आपल्याकडे पदवीला सुमारे ४०. इंग्लंडातील १२० चे युरोपात ६० झाले, तर कोणी आपणांस लुबाडले असे समजू नये! खरा तंटा आकड्याचा नसतो, आशयाचा असतो. ‘तुमचा विषय आमच्या विषयाच्या तोडीचा नाही’ असे नवे विद्यापीठ म्हणते, तेथे वाद उभा राहतो.

या ठिकाणी १९९७ चा लिस्बन करार कामी येतो. युरोप परिषद व युनेस्को यांनी तो घडवून आणला. एका सदस्य राष्ट्रातील अभ्यास दुसऱ्याने मान्य करावा. नाकारावयाचा तर दोहोंत भरीव फरक असल्याचे दाखवावे, आणि तो दाखविण्याचा भार अर्जदारावर नसून नाकारणाऱ्या संस्थेवर आहे. वकील या नात्याने मला या तत्त्वाचे मोल फार वाटते. नकाराची कारणे मागता येतात, अपीलही करता येते. असे असता आपली मुले खिडकीवरचा तोंडी नकार ऐकून मुकाट्याने परततात! नकार लेखीच मागावा.

भारत या कराराचा सदस्य नाही. म्हणजे जर्मनीत केलेले वर्ष नेदरलँड्समध्ये नेताना हे तत्त्व पुढे करता येईल. पुण्यात केलेले वर्ष नेताना त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवरच विसंबावे लागेल. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांन्वये ट्विनिंग अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळविण्याची मुभा दिली आहे. पण दोन्ही संस्थांत तसा करार झालेला असला तरच. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी तो करार पाहावा. दलालाच्या शब्दावर जाऊ नये.

लेखी हमीचे महत्त्व आपल्या इतिहासातही दिसते. शिष्यवृत्तीची मुदत संपून बाबासाहेबांना १९१७ साली लंडन सोडावे लागले. तथापि चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी त्यांनी मिळविली होती, आणि १९२० साली ते परत गेले.

आता कागदपत्रांविषयी. पुरेशी माहिती पुरविणे हे मात्र अर्जदाराचेच काम आहे, आणि केवळ गुणपत्रकाने भागत नाही. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासांची संख्या, परीक्षेची पद्धत व नेमलेली पुस्तके यांचा विद्यापीठाच्या सहीशिक्क्याचा उतारा हवा. तो कॉलेज सोडण्यापूर्वीच घ्यावा. अभ्यासक्रम बदलल्यावर जुनी प्रत शोधीत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.