ऋतू पाठ करायचे नसतात

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त बंगळूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना तिच्या गुणवंतांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते पहिली-दुसरीच्या वर्गाविषयी. गेली अनेक वर्षे मी बंगळुरात याच वयाच्या मुलांना शिकवीत आहे. आपणांपैकी बहुतेकांची मुले याच शहरात वाढत आहेत. म्हणून एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवते : सहा-सात वर्षांच्या मुलाला ऋतू कसे शिकवावेत?

आपण सर्वांनी एक उत्तर पाठ केलेले आहे. फेब्रुवारी ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते जानेवारी हिवाळा. देशावर वाढलेल्यांना ते बरेचसे पटते. पण हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथे उन्हाची तीव्रता मार्च-एप्रिलमध्येच जाणवते आणि मे महिन्यात वळिवाच्या सरी हवा निववतात. मे महिन्याची पावसाची सरासरी जूनहून अधिक आहे. सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि ऑक्टोबरही ओलाच जातो. एका शाळेतील दुसरीच्या मुलीने परीक्षेत पावसाळ्याचे महिने 'मे ते ऑक्टोबर' असे लिहिले. उत्तर चूक ठरले, एक गुण गेला. गुण परत मिळविता येतो. परंतु 'डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि छापलेले खरे' हा धडा त्या वयात एकदा मनात बसला, की पुढे विज्ञानाची कितीही पुस्तके वाचली तरी तो सहजासहजी पुसला जात नाही. ज्याला आपण विज्ञान म्हणतो, त्याचा आरंभ नेमका याच्या उलट धड्यापासून होतो.

हा विचार मराठीला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी शैक्षणिक साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने मानली. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. परिसर हेच पुस्तक मानणारी ही परंपरा आपल्या घरची आहे. आज तिचे रूप कसे असावे, हे वर्गातील चार-पाच उदाहरणांनी सांगते.

पहिले उदाहरण पावसाचे. सरळ भिंतींची, सपाट तळाची एक काचेची बरणी आणि मोजपट्टी, एवढेच साहित्य. बरणी उघड्यावर ठेवायची आणि रोज सकाळी ठरावीक वेळी पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची. भिंती सरळ असल्या, की तोंड लहान असो वा मोठे, उंची तीच येते. मुलांना हे सांगून पटत नाही. दोन बरण्या शेजारी ठेवल्यावर पटते. एकदा दोन गटांचे आकडे जुळेनात. बराच वाद झाल्यावर कळले, की एका गटाची बरणी झाडाखाली होती. त्या दिवशी मुलांनी मोजमापाची अट स्वतः शोधली : आकडा लिहिताना तो कोठे आणि कसा घेतला, हेही लिहावे लागते. थोडी मोठी मुले पुढचा हिशेब करतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पडला, तर हजार लिटर. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरातील कित्येक कूपनलिका आटल्या आणि टँकरची वाट पाहत लोक उभे राहिले. ते पाहिलेल्या मुलांना या हिशेबाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे उदाहरण सावलीचे. अंगणात एक काठी उभी रोवायची आणि दर आठवड्याला मध्यान्हीच्या सावलीचे टोक खडूने नोंदवायचे. डिसेंबरात लांब असलेली सावली आखडत जाते आणि एप्रिलच्या २४-२५ तारखेला, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, ती काठीच्या पायाशी नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. बंगळुरात तो १८ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा येतो. पुण्यात पहिला दिवस मेच्या मध्यास येतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे तो कधीच येत नाही. सूर्य नेहमी डोक्यावरच येतो असे समजणाऱ्या मुलाला ऋतूंचे कारण येथे प्रथम दिसते. पृथ्वीचा कललेला आस त्याला पुढे यथावकाश कळेल. आज सावली कळली तरी पुरे.

तिसरे उदाहरण स्वयंपाकघरातले. मटकीला मोड आणताना थंडीच्या दिवसांत आपल्या आया भांडे उबेला ठेवीत. हा प्रयोगच आहे. भिजवलेल्या मटकीचे दोन सारखे वाटे करावेत. एक फडताळात, दुसरा फ्रीजमध्ये. रोज दोन्हींतील मोडांची लांबी मोजावी. बीजाला पाण्याइतकीच ऊब लागते, हे सांगण्याची गरजच उरत नाही.

चौथे उदाहरण या शहराचे स्वतःचे. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला दोड्ड बसवण्णाच्या मंदिराजवळ 'कडलेकाई परिषे', म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. पाल्याला तेथे अवश्य न्यावे. शेंग जमिनीखाली येते म्हणून ती मूळ आहे, असे जवळजवळ प्रत्येक मूल म्हणते. मग कुंडीत एक दाणा पेरावा. पिवळे फूल वर येते, ते सुकल्यावर आरी खाली वाकून मातीत शिरते आणि मग तिच्या टोकाला शेंग धरते. 'आऱ्या' हा शब्द आपल्या शेतकऱ्यांचा आहे. ज्याने त्या पाहिल्या, त्याच्याच तो ध्यानात राहतो.

आणि रस्त्यावरची झाडे! येथे वर्षाच्या आरंभी गुलाबी तबेबुया, मग नीलमोहर, मग गुलमोहर असा फुलोऱ्याचा क्रम लागतो. एकामागून एक फुलणारी झाडे लावण्याच्या या योजनेचे श्रेय जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगल यांना दिले जाते. ते १९०८ साली बंगळुरात आले. त्यापूर्वी ते बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते, हे आपणा मराठी माणसांना ऐकून आनंद वाटेल. शाळेच्या वाटेवरचे एकच झाड निवडावे आणि पानगळ, पालवी, कळी, फूल, शेंग यांच्या तारखा वर्षभर लिहाव्यात.

आता भाषेविषयी. वळीव, शिरवे, रिपरिप, संततधार, झड हे शब्द म्हणजे निरीक्षणाची साधने आहेत. 'पाऊस पडला' एवढेच लिहिणारे मूल आणि 'सकाळी भुरभुर, दुपारी सर, रात्रभर रिपरिप' असे लिहिणारे मूल, यांत दुसऱ्याने अधिक पाहिलेले असते. कानडी शेजाऱ्याच्या शब्दांनी ही शिदोरी वाढतेच. कानडीत पावसाला 'मळे' म्हणतात. आपण मळे म्हणतो ते त्याच पावसावर पिकतात. त्यांची 'जडीमळे' आणि आपली 'झड' कानाला किती जवळची वाटतात! आपला शेतकरी मृगाची वाट पाहतो, तर इकडचा एप्रिलअखेरच्या भरणीचा पाऊसही मोजतो. मुले इंग्रजी माध्यमात शिकत असली, तरी घरी पावसाची वही मराठीत लिहिण्यास कोणाची हरकत असणार?

यात वेळ जातो, अभ्यास मागे पडतो, अशी पालकांची शंका असते, आणि ती प्रामाणिक असते. पण मोजणे, वजाबाकी, आलेख, तारीख, दोन वाक्यांचे नेटके लेखन, हा सारा दुसरीचाच अभ्यास आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. यात शिक्षकाला श्रम अधिक पडतात, पावसात कपडे भिजतात, एखादी कुंडी फुटते. एवढा खर्च मात्र खरा.

शेवटी एक विनंती. दुसरीच्या प्रत्येक वर्गाने या साठ वर्षांत रोजचा पाऊस आणि अंगणातील एका झाडाचा फुलोरा लिहून ठेवला असता, तर आज शाळेजवळ असा ठेवा असता, की हवामान बदलाच्या अभ्यासकांनी तो मागून नेला असता. तो नाही, पण पंचाहत्तरी पंधरा वर्षांवर आहे. या वर्षीच्या दुसरीने 'ऋतुवही' सुरू करावी आणि जूनमध्ये ती पुढच्या दुसरीच्या हाती द्यावी. बंगळुरातील आपल्या मुलांनीही तशीच वही ठेवावी. वर्षातून एकदा दोन्ही गावांच्या मुलांनी परस्परांना पत्र लिहून आकडे कळवावेत. आकडे जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत, हे मुलांनाच शोधू द्यावे, आणि आपण मोठ्यांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.